कौरव मोजताना

आमच्या गॅलरीच्या गजांना कृष्णकमळाचा वेल वेढून बसलाय. फूल उमललं की आईचं निरूपण सुरू. बाहेरचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पुंकेसर पांडव, आणि वरची तीन टोकं ब्रह्मा-विष्णू-महेश. लहानपणी मी कौरव मोजायला बसायचो. साठ-सत्तरला बोट सरकायचं की पुन्हा दुर्योधनापासून सुरुवात. दुसऱ्या दिवशी बघावं तर फूल मिटलेलं.

एवढं महाभारत अंगावर वागवणारं हे घराणं मुख्यतः दक्षिण अमेरिकेतलं, हे कळल्यावर मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. यातलं निळं फूल तर पॅराग्वेचं राष्ट्रीय फूल! तिकडे गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांनाही त्यात पोथीच दिसली, फक्त त्यांची. तंतू म्हणजे काटेरी मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा, तीन टोकं म्हणजे तीन खिळे. पाकळ्या भरल्या दहा आणि शिष्य बारा. मग यहूदा आणि पेत्र यांना वगळून हिशेब जुळवला. (त्यापेक्षा माझे सत्तर कौरव बरे.) याच्या 'पॅशन फ्लॉवर' या इंग्रजी नावातलं पॅशन हे ख्रिस्ताच्या यातनांचं, प्रेमाबिमाचं नव्हे.

ब्राझीलमध्ये याला 'माराकुजा' म्हणतात. शब्द मूळ तिथल्या आदिवासींच्या तुपी भाषेतला. कुणी फार तडतड करायला लागलं की तिथे त्याला माराकुजाचा रस प्यायला सांगतात, आपण 'डोक्यावर बर्फ ठेव' म्हणतो तसं. खरा लौकिक मात्र पानांचा. झोप उडालेल्यांना, जीव घाबरा होणाऱ्यांना वाळलेल्या पानांचा काढा देतात. पॅसिफ्लोरा अलाटा या जातीला तर तिथल्या अधिकृत औषधकोशात जागा मिळाली आहे. युरोपातल्या झोपेच्या हर्बल गोळ्यांत असते ती इन्कार्नाटा, उत्तर अमेरिकेतली चुलत बहीण. पुरावे बेताचेच आहेत, पण गोळ्या खपतात.

मध्यंतरी मलाही झोप येईना. चार पानं तोडून मी चहाच्या पातेल्यापाशी गेलो, तर आई म्हणाली, "अरे, आपला वेल कुठल्या जातीचा, ते तरी ठाऊक आहे का?" नव्हतं. नंतर वाचलं, यातल्या बऱ्याच जातींच्या पानांत सायनाइड सुटणारी द्रव्यं असतात. पानं कुंडीत टाकली.

वेलावर सध्या नारिंगी फुलपाखराच्या काटेरी अळ्या आहेत. त्या दिवसभर तीच पानं खातात आणि सुस्त पडून राहतात. अर्थात, अळ्या एरवी तरी कुठे धावपळ करतात!