टँकरची ढुशी

एप्रिलचा दुसरा आठवडा. केज-अंबाजोगाई रस्त्यावरच्या आमच्या शेडसमोर ट्रॅक्टरमागचा दोन चाकी, पाच हजार लिटरचा टँकर आला तो डाव्या हबातून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून, धूर काढतच. मालकाने खाली उतरायच्या आधीच सांगितलं, "मिस्त्री, बेअरिंग टाका अन् सोडा. उद्या दोन वस्त्यांवर खेप हाये." त्याच बाजूचं बेअरिंग त्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा जळालं होतं.

डायव्हर बाजूला तंबाखू मळत होता. तो सहज बोलून गेला, "ब्रेक मारला की मागून ढुशी देतोय, मामा." तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही.

आधी टँकर रिकामा केला. त्यात दोनेक हजार लिटर पाणी होतं, म्हणजे दोन टन. इतक्या वजनाखाली जॅक लावायचा नाही, आणि एप्रिलमध्ये ते पाणी रस्त्यावर सोडायचंही नाही. शेजाऱ्यांनी बॅरल आणले, उरलेलं म्हशींच्या हौदात गेलं. यातच तास गेला.

उचलायला खरी अडचण जमिनीची. वर मुरूम असला तरी खाली काळी माती, जॅकचा बूड सरळ आत जातो. म्हणून खाली दीड फूट लांबीचे बाभळीचे दोन ठोकळे आडवे, त्यावर 12 मिलीमीटरची पत्र्याची प्लेट, त्यावर वीस टनी बॉटल जॅक. ट्रॅक्टर हुकातच ठेवला, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून. दोन चाकी टँकरचा हूक मोकळा असेल आणि चाकं उचलली, तर पुढचा दांडा वर जाऊन टँकर मागे बसू शकतो. उजव्या चाकाला दोन्हीकडून दगड. डाव्या चाकाचे नट टायर जमिनीवर असतानाच ढिले केले. चाक हवेत गेल्यावर पाना फिरवला की सगळा टँकर हलतो. थोडं उचललं की चेसिसखाली ठोकळा सरकवायचा, परत थोडं उचलायचं. जॅकच्या भरवशावर कुणीही अंग खाली घालायचं नाही, पोरगं असो नाहीतर मालक.

हब उघडला. आतलं बेअरिंग 32213, बाहेरचं 32211. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतलं भोक मिलीमीटरमध्ये मिळतं, म्हणजे 65 आणि 55. आतल्या बेअरिंगचे रोलर निळे पडलेले, ग्रीसचा काळा कोळसा झालेला. सील फाटून धूळ आत गेली होती. इथवर मालकाचं म्हणणं बरोबर होतं. पण अ‍ॅक्सलच्या बैठकीवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या जागेवर, व्हर्नियरने मापलं तर 64.6. चार दशांश मिलीमीटर कमी. बेअरिंगची आतली रिंग बैठकीवर घट्ट बसायच्या ऐवजी फिरत होती, आणि ती घासूनच सगळं तापत होतं. आधीच्या कुणीतरी तिथे छिन्नीने डॉट मारून खडबडीत केलं होतं. डॉट आठ दिवस धरतात, मग झिजून सपाट होतात.

टायरवर बोटं फिरवली. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवली तर करवतीसारखे दात. असा टायर सरळ चालत नसतो, रस्त्यावर तिरपा घासत असतो. टेप काढली. हुकाच्या डोळ्यापासून उजव्या हबापर्यंत 3 मीटर 12 सेंटीमीटर, डाव्यापर्यंत 3 मीटर 15. अ‍ॅक्सल डावीकडून तीन सेंटीमीटर मागे सरकला होता.

पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, खालच्या दांड्याला बांधून ठेवणारे यू बोल्ट सोडले तेव्हा कारण हातात आलं. पाट्यांना एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मधोमध तुटलेला. त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या खड्ड्यात बसतं आणि अ‍ॅक्सलला जागेवर ठेवतं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजलेला, अर्धा चकचकीत. म्हणजे तडा जुना होता. सेंटर बोल्ट आपणहून तुटत नाही. यू बोल्ट ढिले पडले की पाटे पुढे-मागे सरकतात आणि सगळा झटका त्या एका बोल्टवर येतो. त्यात टँकर सायडपट्टीकडे झुकून चालतो, त्यामुळे डावी बाजू आधी मार खाते.

पण यू बोल्ट तरी एवढे ढिले कशाने? आता मला डायव्हरची ढुशी आठवली.

टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारली तर पुढचा आडपडदा तळाला आडवा पडलेला, मागचा एका कोपऱ्यावर लटकलेला. हे पडदे पाण्याला पुढे-मागे धावू देत नाहीत. टँकर काठोकाठ भरला असेल तर फारसं जाणवत नाही. पण एका वस्तीवर निम्मा सोडून दुसऱ्या वस्तीला निघाला, की प्रत्येक ब्रेकला दोन-अडीच टन पाणी पुढच्या पत्र्यावर आदळतं. तो धक्का पाट्यांतून अ‍ॅक्सलला, तिथून यू बोल्टना. ते ढिले पडून चाक तिरपं, आणि तिरप्या चाकाचा जोर बेअरिंगवर. जळायचं बेअरिंग, मोडलेलं होतं टाकीत.

मालक चिडला. एका दिवसाचं काम तीन दिवसांवर गेलं होतं. मी त्याला टेप धरायला लावली आणि दोन्ही मापं त्याच्याच तोंडून वाचून घेतली. मग तो चहा सांगायला गेला.

टाकीत कुणी लगेच उतरलं नाही. बंद लोखंडी टाकीतला गंज हवेतला ऑक्सिजन खातो, आत गेलेला माणूस न ओरडताच खाली बसतो. रात्रभर झाकण आणि व्हॉल्व्ह उघडे ठेवले, सकाळी ब्लोअर लावला, आणि पाचला काम सुरू केलं, कारण नऊनंतर आत तवा होतो. आत एक माणूस, कमरेला दोर, दोराचं टोक बाहेरच्याच्या हातात. घामाने ओल्या अंगाने लोखंडात बसून वेल्डिंग म्हणजे शॉकला आमंत्रण. म्हणून खाली कोरडा रबर, हातमोज्यांचे दोन जोड, पंधरा मिनिटांनी माणूस बदली. पडदे 40 मिलीमीटरच्या अँगलवर बसवले, खाली-वर पाण्याला वाट ठेवून.

अ‍ॅक्सल भंगारातून दुसरा आणला, बैठक पूर्ण 65 आहे हे तिथेच मोजून. कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग, आणि रोलर जोडीनेच नवे; जुन्या कपात नवे रोलर टाकणं म्हणजे पैसे मातीत. ग्रीस रोलरमध्ये तळहाताने दाबून भरलं, हबाची पोकळी मात्र तिसरा हिस्साच. ठासून भरलं तर तेच तापून सील ढकलतं. नट चाक फिरवत फिरवत आवळला, चाक जड झालं की एक खाच मागे, मग स्प्लिट पिन. यू बोल्ट चारही नवे, तिरप्या समोरासमोरचे, आलटून-पालटून थोडे थोडे आवळून.

पिण्याच्या पाण्याचा टँकर, म्हणून शेवटी भरून त्यात 25 टक्के क्लोरीनची एक किलो ब्लीचिंग पावडर कालवून टाकली आणि एक रात्र-दिवस तसाच ठेवला. ते पाणी सोडून, धुऊनच टँकर दिला.

पहिल्या भरलेल्या खेपेनंतर परत बोलावला. हबावर तळहात ठेवता येत होता. यू बोल्टच्या आठ नटांपैकी तीन नटांनी पाव-पाव फेरा घेतला. डायव्हर म्हणाला, "आता ब्रेक मारला तर मागं काही हाये का नाही, कळतच नाही."