सगळे डबे चांगले होते

गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात मरणाची गर्दी. मंडळांचे प्रिंटर, शाळांची कामं, मध्येच कुणाचा तरी लॅपटॉप चहात भिजलेला. त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. साडेअकराला आली आणि तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर कॅबिनेटचा खोका, हँडलला दोन पिशव्या. तासगावकडचे द्राक्षबागायतदार बापलेक.

"आठ महिनं झालं, घरात एकेक डबा येतोय," वडील म्हणाले. "काल सगळं जोडलं ह्यानं. पंखं फिरत्यात, पडद्यावर काय न्हाई. पस्तीस हजार घातल्यात आतापतुर."

पोरगा काही बोलला नाही. त्याने एक दोनशेपानी वही काढून काउंटरवर ठेवली. गेमिंगचा पीसी स्वतः जोडतो म्हणणारी पोरं माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन येतात आणि बहुतेकांनी मोबाइलवर जे स्वस्त दिसेल ते उचललेलं असतं. जुन्या पिढीच्या, डीडीआर४च्या बोर्डाला नव्या पिढीची, डीडीआर५ची रॅम आणतात. पिना दोन्हीला २८८च, पण खाच वेगळ्या जागी असते, मग जोर लावून बसवायला बघतात. ह्याची वही उघडली आणि मी चष्मा पुसला.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. जुना घेतलेला बी४५० मदरबोर्ड. आठ-आठच्या दोन रॅम, कारण सोळाची एकच घेतली तर ड्युअल चॅनल, म्हणजे डेटाची दुहेरी वाट, मिळत नाही. आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, तेही वापरलेलं. आधी ६५०० एक्सटी लिहून त्याच्यावर काट मारली होती. मी मुद्दाम विचारलं, का रे?

"सर, त्याला डेटा जायला चारच लेन आहेत. बी४५०ला कार्डाचा स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआय ३ आहे, तिथं ते अडकणार. ६६००ला आठ आहेत."

हे मला माझ्याकडच्या दोन्ही कारागिरांनी सांगितलं नसतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात दोन वर्षं घासून मी शिकलो ते ह्या पोराने मळ्यात बसून, रेंज येईल त्या झाडाखाली शिकलेलं. पण वहीत शेवटची ओळ होती: 'कॅबिनेट + एसएमपीएस ५०० वॅट, २८००.' एसएमपीएस म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. तिथे माझं बोट थांबलं.

कॅबिनेट उघडलं. कार्डाला आठ पिनांची वायर लागते. ह्या एसएमपीएसला ती नव्हतीच, म्हणून पोराने हार्डडिस्कच्या दोन मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या चार पिनांच्या वायरींवरून, कन्व्हर्टर लावला होता. मी तो काढून बाजूला ठेवला आणि म्हणालो, आधी हा एसएमपीएस बदलू.

वडिलांचा चेहरा बदलला. दुकानदाराने पहिल्या पाच मिनिटांत नवी वस्तू काढली की गिऱ्हाईक काय समजायचं ते समजतं. त्यांचं चुकत नव्हतं.

"दादा, हे वाचा," मी बाजूचं लेबल दाखवलं. वर ठळक ५०० वॅट. खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. "बारा गुणिले अठरा. दोनशे सोळा वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही बारा व्होल्टवरच जगतात. कार्ड १३२ ओढतं, प्रोसेसर भरात आला की ७६. झाले २०८. बोर्ड, पंखे अजून धरलेच नाहीत."

ते दोन क्षण लेबलकडे बघत राहिले. मग पोराकडे वळले.

"आरं, मोटरीचं बी ह्येच की. पत्र्यावर एचपी कायबी छापत्यात. वायंडिंग जळाय लागलं की अँपिअर कळत्यात. दोनदा रिवाइंडिंगला दिली न्हवं आपण?" आणि मला, "लावा दुसरा. किती?"

ब्राँझ प्रमाणपत्राचा ५५० वॅटचा काढला, ३८०० रुपये. पोरगा खाली बघत होता. एवढा अभ्यास करून 'कॅबिनेटसोबत आलाय' म्हणून तेवढंच तपासायचं राहिलं. सगळ्यांचं तेच राहतं.

एसएमपीएस बदलला. पंखे जोरात फिरले. पडदा काळाच.

रॅम एकेक करून लावून पाहिली. कार्ड दुसऱ्या मशीनवर लावलं, झकास चाललं. आता संशय बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामचा. बी४५० बोर्ड २०१८ साली आले, ५६०० आला २०२२ला. प्रोसेसर बसायचा सॉकेट तोच एएम४, प्रोसेसर अगदी अलगद बसतो, पण जुना बायोस त्याला ओळखतच नाही. वर ५६००ला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे पडद्यावर एखादी चूक तरी दिसेल म्हणाल तर तेही नाही.

"अपडेट करून दिलाय म्हणाला होता विकणारा," पोरगा म्हणाला. "मी तीनदा विचारलं सर."

बघायला एकच मार्ग. प्रोसेसरशिवाय बायोस भरायचं बटण ह्या बोर्डाला नव्हतं, म्हणजे जुना एएम४ प्रोसेसर लावून बोर्ड चालू करायचा. कपाटात एकही नव्हता. होता तो माझ्या बिलिंगच्या मशीनमध्ये, रायझन ३ २२००जी.

आता माझी अक्कल ऐका. कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्याच दिवशी सांगतो की एएम४चा कूलर थंड मशीनवरून उपटायचा नाही. दहा मिनिटं मशीन चालवायचं, कूलर आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट नरम होऊ द्यायची, मग कूलर डावी-उजवीकडे पिळून सोडवायचा. माझं मशीन लाईट नसल्यामुळे सकाळपासून बंद. पेस्ट पाच वर्षांची, वाळून खडखडीत. दारात चार गिऱ्हाइकं. मी चार स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला.

कट्ट असा आवाज आला. कूलर हातात आणि त्याच्या बुडाला चिकटलेला प्रोसेसर. सॉकेटची दांडी लॉकमध्येच होती.

एएम४च्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, पेरूच्या बीपेक्षा बारीक. भिंगाखाली धरला तर एका कोपऱ्यात चार आडव्या झालेल्या, एक जवळजवळ झोपलेली. ती तुटली तर पोराचं काम गेलं आणि माझं बिलिंगही. दुकानात कुणीच बोलेना. टेबलफॅनचा आवाज तेवढा.

पेन्सिलवाल्या पेनातलं लेड काढून टाकलं की पुढची पोकळ नळी पिनेवर बरोबर बसते. नळी बसवायची आणि केसभर केसभर उभं करायचं. मी सुरुवात केली, पण पंचेचाळिशीनंतर चष्मा आणि भिंग दोन्ही लावून हात स्थिर राहत नाही. दुसऱ्या पिनेला माझी नळी घसरली.

"मी करू का सर?"

मी वडिलांकडे पाहिलं. "करू द्या," ते म्हणाले. "कलमं भरतोय माझ्याबरोबर. हात हलत न्हाई त्याचा."

त्याने प्रोसेसर डाव्या हाताच्या चिमटीत कडेने धरला, कोपरं काउंटरवर टेकवली आणि श्वास रोखला. झोपलेल्या पिनेला त्याने तीन वेळा घेतलं, एकदम नाही. थोडं उचलायचा, ओळीच्या रेषेत डोळा लावून बघायचा, पुन्हा थोडं. वीसेक मिनिटं गेली असतील. मधल्या काळात मी दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून लावून दिलं.

प्रोसेसर सॉकेटवर ठेवला आणि तो स्वतःच्या वजनाने खाली बसला. असाच बसायला हवा. बोटाने दाबावा लागला तर समजायचं, अजून एखादी वाकडी आहे.

बोर्ड चालू केला आणि पडद्यावर बायोस आला. तारीख २०१९ची. तीनदा विचारूनही विकणाऱ्याने थापच मारली होती. पेनड्राइव्ह फॅट३२ला फॉरमॅट करून नवी फाइल टाकली, मशीन यूपीएसवर घेतलं आणि कुणी वायरला पाय लावू नये म्हणून मी चक्क काउंटरसमोर उभा राहिलो. लाईटीचा त्या दिवशीचा गुण सगळ्यांना माहीत होता.

मग ५६०० परत बसवला. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, कूलर, कार्ड, मॉनिटरची वायर बोर्डात नव्हे तर कार्डात. पंखे फिरले आणि सहा-सात सेकंदांनी पडदा उजळला. पोरगा हसला नाही, आधी वाकून रॅमचा वेग वाचला. ३२००ची रॅम २४००वर चालत होती. "एक्सएमपी चालू करू?" म्हणाला, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, आणि माझ्या उत्तराआधी केलंसुद्धा.

संध्याकाळी विंडोज टाकून होईपर्यंत वडील बाकावर बसून होते. पडद्यावर गाडी धावायला लागली तेव्हा उठून जवळ आले, थोडा वेळ बघितलं.

"ह्यावर सातबारा निघंल का?"

"निघंल की अण्णा."

"मग बरं."

एसएमपीएसचे पैसे घेतले, हातकाम धरलं नाही. धरायला तोंडही नव्हतं. वडिलांनी पक्कं बिल मागितलं, वॉरंटीसाठी. मी ड्रॉवरमधून जुनं बिलबुक शोधून काढलं आणि हाताने लिहून दिलं. माझं बिलिंगचं मशीन अजून पोट उघडून काउंटरवरच पडलं होतं.