बैठकीत पळणारा, आतल्या खोलीत अडखळणारा

माझा गेमिंग लॅपटॉप चार वर्षांचा आहे आणि त्यावर मी प्रामुख्याने एकच खेळ खेळतो, मोटारींच्या शर्यतीचा. रात्री साडेदहानंतर, घरातील निजानीज झाल्यावर, तासभर. यंदाच्या मार्चपासून त्या तासाचा भरवसा राहिला नव्हता. एखाद्या रात्री सेकंदाला ७० फ्रेम, म्हणजे पडद्यावर उमटणारी चित्रे, मिळत; दुसऱ्या रात्री तोच ट्रॅक, तीच गाडी आणि त्याच सेटिंग्ज असूनही आकडा २० वर येई आणि वळण चुकल्यावर स्टिअरिंग फिरलेले दिसे. कायम संथ असलेल्या यंत्राशी जुळवून घेता येते. त्याची कुवत तेवढीच, असे म्हणून माणूस ग्राफिक्स कमी करतो. कधी उत्तम तर कधी वाईट चालणारे यंत्र मात्र चांगल्या शिकलेल्या माणसाला अंधश्रद्ध करून सोडते. खेळ सुरू करण्यापूर्वी मी लॅपटॉप दोनदा रीस्टार्ट करू लागलो होतो आणि दोनदाच का, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

एप्रिलमध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात तो दाखवला. तेथे विंडोज नव्याने टाकून दिले आणि पुढचे चार दिवस लॅपटॉप नवा असल्यासारखा चालला. पाचव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ते चार दिवस बहीण मुलांसह आमच्याकडे गोरेगावला राहायला आली होती, आतली खोली त्यांना दिलेली होती आणि मी बैठकीतल्या जेवणाच्या टेबलावर खेळत होतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला आणखी दीड महिना जावा लागला.

मे महिना उजाडल्यावर संशय साहजिकच उष्णतेवर गेला. आतल्या खोलीत एसी नाही आणि खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक वाटते, कारण तो मीही बाळगून होतो. मुंबईचा उकाडा आपल्याला असह्य होतो तो हवेतील बाष्पामुळे. घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याच्या दृष्टीने मुंबईची दमट ३४ अंशांची दुपार नागपूरच्या कोरड्या ४४ अंशांपेक्षा पुष्कळच सुखाची असते, कारण पंखा जी हवा आत ओढतो तिचे फक्त तापमान महत्त्वाचे ठरते. खोली पाच अंशांनी तापली तर आतील प्रोसेसरही साधारण तेवढ्याच अंशांनी अधिक तापतो. म्हणजे उष्णता हे कारण असू शकत होते, पण ७० वरून थेट २० वर आणण्याइतके मोठे असेल का, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

शेवटी अंदाज बांधणे थांबवून मोजमाप करायचे ठरवले. नुसता सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमचा आकडा, पाहणे निरुपयोगी ठरते. एका सेकंदातील ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि उरलेल्या एकीने ११५ मिलिसेकंद घेतले, तर सरासरी बरोबर ६० भरते. डोळ्याला मात्र ठसठशीत हिसका जाणवतो. म्हणून आफ्टरबर्नर या प्रोग्रामवर प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ पडद्याच्या कोपऱ्यात आलेखासारखा लावला आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रामला तापमान, प्रोसेसरचा वेग, ग्राफिक्स कार्डाला मिळणारे वॅट आणि वेग रोखला जाण्याची कारणे दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये नोंदवायला सांगितले. खेळ रोज तोच, एकच ट्रॅक, वीस मिनिटे. वहीत तारीख, खोली आणि बसण्याची जागा मी हाताने लिहीत गेलो. चांगल्या रात्रींचीही नोंद ठेवली, आणि याच नोंदी पुढे सर्वांत उपयोगी पडल्या.

आठवडाभराच्या नोंदी एक्सेलमध्ये उघडल्यावर दिसले की मी ज्याला एक आजार समजत होतो ते प्रत्यक्षात दोन होते. पहिल्या प्रकारात दहा-बारा मिनिटांनी प्रोसेसर ९७ अंशांपर्यंत जाई, वेग हळूहळू उतरे आणि फ्रेम ७० वरून ५० च्या आसपास येत. हे उष्णतेचेच काम होते आणि ते बैठकीतही घडत होते. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसरचा वेग एका क्षणात ८०० मेगाहर्ट्झवर कोसळे आणि तेथेच खिळून राही, तर तापमान ५५ अंशांपर्यंत खाली येई. तापमान उतरूनही वेग परत चढत नसेल, तर दोष उष्णतेचा नाही. वेग रोखण्याच्या कारणांत त्या वेळी ‘प्रॉकहॉट’ (प्रोसेसर हॉट, म्हणजे प्रोसेसर तापल्याचा संकेत) हा शब्द दिसत होता. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हा संकेत दोन्ही दिशांनी चालतो: प्रोसेसर स्वतः तापला नसतानाही मदरबोर्डवरील एखादा भाग त्याला वेग कमी करण्याचा आदेश देऊ शकतो. दुसऱ्या प्रकारच्या सर्व नोंदी आतल्या खोलीतील होत्या.

वही समोर घेऊन बसलो असताना सातवीतली मुलगी म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला मागेच सांगितलं होतं, आतल्या खोलीत हा चार्ज होत नाही.” तिने खरोखरच सांगितले होते. मी ते ऐकून इलेक्ट्रिशियनला बोलावले होते आणि कपाटामागचा पॉइंट बदलून घेतला होता. खेळ पूर्ण पडद्यावर असल्याने बॅटरीचे चिन्ह मला कधी दिसलेच नव्हते.

दोष पॉइंटात नव्हता, चार्जरच्या टोकाशी होता. काही कंपन्यांच्या लॅपटॉपच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते. तिच्यातून मुख्य वीज जात नाही. जोडलेला अडॅप्टर किती वॅटचा आहे ही ओळख तेवढी जाते. आतल्या खोलीत वायर कपाटामागून, काटकोनात वाकून येत असे. त्या बाकामुळे टोकाजवळील बारीक तार अधूनमधून तुटल्यासारखी होई. वीज येत राही, चार्जरचा दिवाही जळत राही, पण समोर १५० वॅटचा अडॅप्टर आहे की ४५ वॅटचा, हे लॅपटॉपला कळत नसे. मग तो खबरदारी म्हणून बॅटरी चार्ज करणे थांबवी आणि प्रोसेसरला ८०० वर आणून ठेवी. बैठकीत वायर सरळ येते, म्हणून तेथे काही बिघडत नव्हते. खात्री करण्यासाठी मी बैठकीतच, खेळ चालू असताना, वायर टोकापाशी हलकेच वाकवली आणि गाडी तत्क्षणी अडखळली. तीन महिन्यांत प्रथमच तो बिघाड माझ्या हुकमाने आला, याचा मला झालेला आनंद घरात कोणालाही समजला नाही.

प्रॉकहॉटचा हा संकेत बंद करून टाकणारे प्रोग्राम मिळतात आणि तसा सल्लाही सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. लंगडणाऱ्या वायरीतून पूर्ण भार ओढायला लावणे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. मी त्याच वॅटचा, त्याच कंपनीचा नवा अडॅप्टर घेतला. वेग कोसळण्याचे प्रकार त्या दिवसापासून थांबले.

उष्णतेचा आजार वेगळा आणि साधा होता. मागचे झाकण उघडल्यावर पंख्याच्या आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर निघाला; तो काढला, वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारा लेप, बदलून घेतली आणि खेळात फ्रेमची मर्यादा ६० वर बांधली. झाकण उघडलेलेच होते म्हणून पाहिले, तर रॅमची ८ जीबीची एकच पट्टी होती आणि शेजारची खाच रिकामी होती. तेथे तशीच दुसरी बसवल्यावर दोन्ही मार्गांनी माहिती एकाच वेळी जाऊ लागली आणि गर्दीच्या वळणांवरचे छोटे हिसके बरेच कमी झाले. ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवे टाकल्यावर पहिली काही मिनिटे खेळ अजूनही अडखळतो, पण ते शेडर, म्हणजे दृश्यातील प्रकाश व रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम, नव्याने तयार होण्याचे काम आहे आणि दुसऱ्या फेरीपर्यंत निवळते.

आता आतल्या खोलीतही प्रोसेसर ८५ अंशांच्या वर जात नाही. कपाटामागच्या नव्या पॉइंटवर मुलीचा टेबललॅम्प लागतो, आणि चार्जरची वायर मी खिडकीच्या बाजूने, मोकळ्या वळणाने फिरवून घेतली आहे.