जुन्या पत्त्यावर आलेल्या पाहुण्याला नव्या दारी नेताना

मार्च उजाडला की देवगड-रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांच्या साइटवर गिऱ्हाइकांची ये-जा वाढते. मे महिन्यात मालवण-गुहागरच्या होमस्टेवाल्यांची पाळी. साइट नवी करून घ्यायची घाईही नेमकी त्याच्या तोंडावर होते. नवी साइट देखणी असते, पण पानांचे पत्ते बदललेले असतात. जुना पत्ता मात्र गेल्या वर्षीच्या पेटीवरच्या क्यूआर कोडमध्ये, मुंबई-गोवा महामार्गावरच्या फलकावर, कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तसाच राहतो. तिथून आलेल्याला ‘४०४, पान सापडलं नाही’ दिसलं की तो शोधत बसत नाही, दुसरीकडे ऑर्डर देतो. म्हणून कुठल्या जुन्या पानावरून कुठल्या नव्या पानावर रीडायरेक्ट करायचं, म्हणजे आलेल्याला आपोआप वळवायचं, हे साइट बदलण्याआधी कागदावर लिहून काढा. एका रकान्यात जुना पत्ता, शेजारी नवा.

आत घडतं ते साधं आहे. ब्राउझर जुना पत्ता मागतो, सर्व्हर (तुमची साइट ठेवलेला संगणक) पानाऐवजी एक आकडा आणि नवा पत्ता धाडतो, ब्राउझर तिकडे जातो. सगळी मेख त्या आकड्यात आहे. ३०१ म्हणजे बिऱ्हाड कायमचं हललं. ३०२ म्हणजे तूर्तास तिकडे जा, पत्ता हाच राहणार आहे. सर्च इंजिनं ३०१ पाहून जुन्या पानाऐवजी नवं पान यादीत घेतात, ३०२ असेल तर सहसा जुनंच ठेवतात.

कोकणातल्या धंद्यात हा फरक दर वर्षी भेटतो. हंगाम संपल्यावर ‘पेटी मागवा’ हे पान ‘पुढच्या हंगामाची नोंदणी’कडे वळवायचं असतं. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा त्या सहलीचं पान दुसरीकडे न्यायचं असतं. इथे ३०२च हवं. ३०१ ब्राउझर साठवून ठेवतो. जुलैत एकदा नोंदणीच्या पानावर गेलेल्या गिऱ्हाइकाचा फोन मार्चमध्येही सर्व्हरला न विचारता थेट तिकडेच जाऊ शकतो. तुम्ही सर्व्हरवरचा नियम काढलात तरी त्याच्या फोनमधली आठवण तुम्हाला पुसता येत नाही. त्यामुळे कायमचा बदल असला तरी आधी ३०२ लावून तपासा, सगळं बरोबर चाललं की मगच ३०१ करा.

बुकिंगचा फॉर्म जिथे जमा होतो तो पत्ता बदलत असेल तर या दोन्ही आकड्यांत धोका आहे. ३०१ किंवा ३०२ मिळाल्यावर ब्राउझर भरलेली माहिती टाकून नुसतं पान मागतो, आणि नाव, तारखा, खोल्या सगळं हरवतं. त्यासाठी ३०७ तात्पुरतं आणि ३०८ कायमचं आहे. हे दोन्ही माहिती जशीच्या तशी पुढे नेतात.

स्वस्त होस्टिंगवर बहुधा अपाची किंवा लाइटस्पीड हे सर्व्हर-सॉफ्टवेअर असतं. तिथे साइटच्या मूळ फोल्डरमधल्या ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलमध्ये एका ओळीत काम होतं: रीडायरेक्ट हा शब्द, ३०१, जुना मार्ग (पत्त्यातला डोमेननंतरचा भाग), नवा पूर्ण पत्ता. फाइल टिंबाने सुरू होते म्हणून फाइल मॅनेजरमध्ये ती लपलेली असते, आधी लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करा. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर ही फाइल वाचलीच जात नाही, तिथे नियम सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहावा लागतो.

अपाचीच्या या ओळीत एक सापळा आहे. ती दिलेल्या मार्गाने सुरू होणारं सगळं पकडते आणि उरलेला भाग नव्या पत्त्याला जोडते. ‘/खोल्या’चं रीडायरेक्ट ‘/निवास’कडे केलं तर ‘/खोल्या/एसी’ आपोआप ‘/निवास/एसी’कडे जातं, हा फायदा. पण ‘/खोल्या’ला ‘/खोल्या/एसी’कडे वळवलंत तर नवा पत्ताही त्याच नियमात सापडतो, पुन्हा एक ‘/एसी’ जोडला जातो, पुन्हा एक. क्रोम अशा २० फेऱ्यांनंतर हात टेकतो आणि ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ दाखवतो. तिथे ‘रीडायरेक्टमॅच’ वापरून मार्गाच्या सुरुवातीला टोपी-चिन्ह (^) आणि शेवटी डॉलर-चिन्ह ($) द्या, म्हणजे तेवढाच पत्ता पकडला जातो.

पत्त्यात देवनागरी असेल तर आणखी एक गोष्ट. कॉपी केलेला पत्ता टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला दिसतो, कारण देवनागरीचं एक अक्षर किंवा एक मात्रा ३ बाइट घेते आणि टक्का-लिपीत त्याची ९ चिन्हं होतात. ‘हापूस’ एवढ्याशा शब्दाची ४५. अपाची जुना मार्ग उलगडून मग जुळवतं, म्हणून नियमात डाव्या बाजूला ती टक्क्यांची माळ चिकटवली तर काहीच जुळत नाही. तिथे सरळ देवनागरीत लिहा आणि फाइल यूटीएफ-८मध्ये साठवा. साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये पानाच्या नावाच्या तुकड्याला, म्हणजे स्लगला, २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे मात्रा धरून जेमतेम २२ देवनागरी अक्षरं. लांब शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो तो यामुळे. यादी करताना शीर्षकावरून अंदाज बांधू नका, पान उघडून प्रत्यक्ष पत्ता घ्या.

वर्डप्रेस प्रसिद्ध केलेल्या पोस्टचा (लेखाचा) जुना स्लग स्वतः लक्षात ठेवतं आणि रीडायरेक्ट करतं. पेजचा, म्हणजे कायमच्या पानाचा, ठेवत नाही. होमस्टेच्या साइटवर खोल्या, दर, संपर्क ही सगळी बहुधा पेजच असतात, त्यामुळे ‘वर्डप्रेस सांभाळतं’ या भरवशावर राहू नका. त्यातून ते पत्त्याच्या सुरुवातीवरून अंदाज बांधून मिळत्याजुळत्या पानाकडे पाठवतं, आणि हा अंदाज चुकतोही. ‘रीडायरेक्शन’ या मोफत प्लगइनमध्ये पत्त्यांच्या जोड्या भरता येतात, आणि ४०४ची नोंद चालू ठेवली तर कुठले जुने पत्ते लोक अजून मागतात तेही कळतं. ती नोंद पहिला महिनाभर रोज पाहा.

टप्पे वाढू देऊ नका. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर), तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, मग जुन्या पानावरून नव्यावर, असे ३ टप्पे सहज होतात. प्रत्येक टप्प्याला सर्व्हरपर्यंतची किमान एक जादा फेरी, आणि डोमेन बदललं तर नव्या जोडणीच्या आणखी काही. शहरातल्या वायफायवर हे जाणवत नाही. घाट उतरताना किंवा खाडीकाठच्या एखाद्या वाडीत, जिथे मोबाइलला एकच काडी दिसते, तिथे पांढरा पडदा बघत बसावं लागतं. गूगलसाठी पानं वाचत फिरणारा बॉटसुद्धा साधारण १० टप्प्यांपर्यंतच जातो. नवं रीडायरेक्ट लावताना जुने नियम उघडा आणि सगळे थेट शेवटच्या पत्त्याकडे वळवा.

सगळी जुनी पानं मुखपृष्ठाकडे वळवणं हा आळस आहे, आणि तो महागात पडतो. ‘पायरी आंबा’ मागणाऱ्याला मुखपृष्ठ मिळालं तर त्याला काही उलगडत नाही, आणि गूगल अशा पानाला न सापडलेलंच धरतं. जुळणारं पान नसेल तर ४१० द्या, म्हणजे पान कायमचं काढलं हे स्पष्ट होतं.

पेटीवर छापायचा क्यूआर कोड स्वतःच्या डोमेनवरच्या छोट्या, रोमन लिपीतल्या पत्त्याचा काढा, आणि तो पत्ता ३०२ने हव्या त्या पानाकडे वळवा. पत्ता लांबला की कोडचे चौकोन बारीक होतात. पुठ्ठ्याच्या पेटीवर शाई फुटते आणि फोन तो वाचत नाही. उरलेल्या पेट्या पुढच्या हंगामातही वापरता येतात, फक्त मागचं पान बदलायचं.

तपासणी खाजगी खिडकीत करा, नाहीतर साठवलेलं जुनं उत्तरच दिसेल. कर्ल हे कमांड देऊन पत्ता मागायचं साधन येत असेल तर कॅपिटल आय (-I) हा पर्याय देऊन पत्ता मागा. पहिल्या ओळीत आकडा आणि ‘लोकेशन’समोर नवा पत्ता दिसतो.

डोमेनच बदललं असेल तर जुन्याचं नूतनीकरण थांबवू नका. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं, पण पेट्या आणि फलक त्याहून जास्त टिकतात, म्हणून मी तरी जुनं डोमेन सोडू नका असंच सांगेन. त्याचं एसएसएल प्रमाणपत्रही, म्हणजे जोडणी सुरक्षित असल्याचा दाखला, जिवंत ठेवावं लागतं. ब्राउझर आधी प्रमाणपत्र तपासतो, मग रीडायरेक्ट वाचतो. ते संपलेलं असेल तर पाहुण्याला धोक्याची सूचना दिसते आणि तुमचा नियम कितीही अचूक असला तरी पाहुणा तिथपर्यंत पोहोचतच नाही.