नदी कुठली तुझी?

मे महिन्याच्या अखेरीस कॅनबेरात सकाळी सातला घराबाहेर पडलं की नाक-कान बधिर होतात. लेक बर्ली ग्रिफिन या तलावावर त्या दिवशी असं धुकं होतं की रेगाटा पॉइंटवर उभं राहून शेजारचा पूलसुद्धा दिसेना. आदल्या दिवशी सिडनीहून बसने साडेतीन तास करून मी आले होते. "पाचच किलोमीटर आहे गं, चालत पूर्ण केलंस तरी चालेल, पण ये," असा मैत्रिणीचा आग्रह होता.

निमित्त होतं रिकन्सिलिएशन वीकचं, म्हणजे ऑस्ट्रेलियातले मूळनिवासी आणि बाकीचे लोक यांच्यातल्या समेटाच्या आठवड्याचं. मराठीत मला यासाठी दिलजमाई हाच शब्द जवळचा वाटतो. कॅनबेरात या आठवड्यात एका सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते, ही प्रथा २०१८ पासूनची. आमच्या धावण्यात ना टायमिंग चिप होती ना पहिला-दुसरा नंबर. बाबागाडी ढकलणाऱ्या आया, शाळेची पोरं, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळे एकाच रेषेत उभे.

सुरुवातीला निलगिरीचा ओला पाला निखाऱ्यावर टाकून धूर केला. नन्नवाल या इथल्या मूळनिवासी समाजातल्या एका ज्येष्ठ बाईंनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या भूमीवर बोलावून घेतलं आणि एकेक जण त्या धुरातून पुढे सरकला. मी पेणची. पोपटीच्या मडक्यातून निघणारा भांबुर्ड्याचा वास मला एकदम आठवला. वास अगदी वेगळा, पण ओला पाला जळतानाचा तो डोळ्यांत झोंबणारा पांढरा धूर तोच.

त्या बाईंना सगळे आंटी म्हणत होते. वडीलधाऱ्यांना इथल्या मूळनिवासी समाजात आंटी आणि अंकल म्हणतात, नातं असो वा नसो. आपण नाही का, अनोळखी बाईलाही मावशी म्हणतो.

कॉमनवेल्थ अव्हेन्यूचा पूल ओलांडून आम्ही दक्षिण काठाला लागलो. नॅशनल लायब्ररी मागे पडली आणि रिकन्सिलिएशन प्लेस आलं. १९१० ते १९७० या काळात सरकारने आईबापांपासून तोडून नेलेल्या मूळनिवासी मुलांचं स्मारक इथे आहे. चौकशी अहवालाचा अंदाज असा की दहातलं किमान एक आणि काही ठिकाणी तिनातलं एक मूल असं नेलं गेलं. तिथे आपोआप सगळ्यांचे पाय मंदावले. माझ्यापुढे एक बाप आपल्या लेकीला खांद्यावरून उतरवून दगडावरची अक्षरं वाचून दाखवत होता. मला पुढे जाववेना.

तिथून वळून पाहिलं की जुनी पार्लमेंट दिसते. ९ मे १९२७ ला तिचं उद्घाटन होतं. विराजुरी या मूळनिवासी समाजातले जिमी क्लेमेंट्स आणि जॉन नोबल हे दोन वृद्ध त्यासाठी ब्रंगलहून डोंगर तुडवत पायी आले होते. क्लेमेंट्स अनवाणी, सोबत कुत्री. पोलिसांनी त्यांना हाकलायला पाहिलं, तेव्हा जमलेल्या गर्दीनेच त्यांची बाजू घेतली. (मृत मूळनिवासींची नावं घेताना इथे आधी सूचना देतात, आणि ती प्रथा मला पटते.) त्याच इमारतीसमोरच्या हिरवळीवर १९७२ पासून मूळनिवासींची टेन्ट एम्बसी आहे. समुद्रकाठी लावतात तसल्या एका छत्रीखाली ती सुरू झाली. आपल्याच देशात वकिलात उघडावी लागली, हे वाक्य मी धावता धावता मनात दोन-तीनदा म्हटलं.

पुढे हायकोर्ट, म्हणजे इथलं सर्वोच्च न्यायालय. ३ जून १९९२ ला याच कोर्टाने माबो खटल्यात सांगितलं की इंग्रज आले तेव्हा ही जमीन बेवारस नव्हती. निकाल ऐकायला तो खटला लढणारे एडी माबो हयात नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत ते गेले होते. आणि २०२३ मध्ये मूळनिवासींना संसदेपुढे आवाज मिळावा म्हणून जनमत घेतलं, तर साठ टक्के लोक नाही म्हणाले. माझ्याच ओळखीतले काही आपले लोक तेव्हा म्हणाले होते, "हे त्यांचं त्यांचं भांडण, आपला काय संबंध?" मीही तेव्हा गप्प बसले. ते गप्प बसणं मला त्या सकाळी फार बोचलं.

कारण हे गप्प बसणं मला नवीन नाही. लहानपणी डोंगरावरच्या वाडीतून कातकरी बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन आमच्या दारात यायच्या. पाणी मागितलं की आमच्या घरातून त्यांच्या ओंजळीत वरून ओतलं जायचं. तांब्या मीही धरलाय. त्यांच्यातल्या एकीचंही नाव मी कधी विचारलं नाही.

किंग्ज अव्हेन्यूच्या पुलावर धुकं फाटलं आणि खाली काळे राजहंस दिसले. उरलेलं अंतर मी चालतच पार केलं. शेवटी गरम डॅम्पर ब्रेड आणि चहा होता. आंटी घडीच्या खुर्चीत पायांवर घोंगडी घेऊन बसल्या होत्या. मी आभार मानायला वाकले तर माझा हात धरून म्हणाल्या, "तुझी कंट्री कुठली?"

"इंडिया."

त्या हसल्या. "ते पासपोर्टात असतं. नदी कुठली तुझी?"

कंट्री म्हणजे त्यांच्या लेखी नदी, डोंगर, माती आणि तिथली माणसं. मला क्षणभर सुचेना. मग म्हटलं, "भोगावती." त्यांनी तो शब्द हळूहळू दोनदा म्हणून पाहिला.

"आणि आता राहतेस कुठे?"

"पॅरामाटाला."

"दारुग लोकांची भूमी," त्या म्हणाल्या. "वाम मासा असतो ना, त्याची जागा. त्यावरूनच पॅरामाटा हे नाव पडलंय."

सात वर्षं मी सिडनीतल्या त्या पॅरामाटा नदीकाठी राहतेय, रोज तिच्या पुलावरून स्टेशन गाठते. हे मला माहीत नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी मोबाइलवर दारुग शब्द शोधत बसले, आणि पेणला फोन लावून आईला विचारलं, त्या मोळी घेऊन येणाऱ्या बायकांपैकी कुणाचं नाव आठवतं का.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "थांब, शेजारच्या काकूंना विचारून सांगते."