काउंटरवर ६०, तरी गाडी थरथरतीय

‘काउंटर ६० दाखवतोय, पण गाडी थरथरतीय. फोन नवा आहे.’ आमच्या टेस्टरनं बग-ट्रॅकरवर एवढंच लिहिलं होतं. ‘पुन्हा घडवता आला नाही’ असा शेरा मारून हा बग आधी बंद केला गेला होता आणि तिनं तो परत उघडला होता.

पुण्यातल्या एका लहान गेम स्टुडिओत मी प्रोग्रामर आहे. तेव्हा आम्ही मोबाइलवर खेळायचा मोटरसायकलचा गेम करत होतो. घाट चढायचा, उतरायचा आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर गाडी पळवायची. काम युनिटी या गेम बनवायच्या इंजिनवर. गेम ६० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवत, चालावा (काउंटर हाच आकडा दाखवतो) म्हणून आम्ही बरीच मेहनत घेतली होती. झाडांचे पॉलिगॉन (आकार घडवणारे लहान तुकडे) कमी केले, सावल्या आटोपशीर केल्या. त्यामुळे ‘थरथरतीय’ हे कुणालाच पटेना.

टीमच्या लीडनं प्रोफायलर लावला, म्हणजे प्रत्येक चित्राला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन. आलेख सपाट. प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, १६.७ मिलिसेकंदांच्या आत तयार होत होती. एकाला गार्बेज कलेक्शनचा (नको असलेली मेमरी मोकळी करायला गेम मधेच अडतो त्याचा) संशय होता, पण तसं असतं तर आलेखात मधूनमधून उंच सुळके दिसले असते. एकही नव्हता.

मी टेस्टरच्या शेजारी जाऊन बसलो. ती साताऱ्याकडची, नुकतीच कामाला लागलेली. म्हणाली, “दादा, मधेच अडकत नाही ती. सारखीच थरथरतीय. सरळ रस्त्याला बघा, वळणावर नाही कळायचं.”

या ‘सारखीच’नं मी सावध झालो. फोनची ताकद कमी पडली की गेम अनियमित अडखळतो. गर्दी झाली, स्फोट झाला, नवी जागा लोड झाली की तेवढ्यापुरता. सपाट रिकाम्या रस्त्यावर एका लयीत थरथर होत असेल, तर तिचं कारण बहुतेक वेळा फोनच्या ताकदीत नसतं. वेगवेगळ्या गतीची दोन घड्याळं एकमेकांवर चढत असतात.

आमच्या गेममध्ये अशी दोन घड्याळं होतीच. एक स्क्रीनचं: सेकंदाला ६० चित्रं. दुसरं भौतिकीचं. गाडीचं वजन, सस्पेन्शन, टक्कर हे सगळं युनिटी ठरावीक अंतरानं मोजतं आणि ते अंतर मुळात ०.०२ सेकंद, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, असं ठेवलेलं असतं. आम्ही त्याला हात लावलेला नव्हता. त्यात गैर काहीच नाही. भौतिकीला स्थिर पाऊल, म्हणजे दोन मोजण्यांमधलं ठरलेलं अंतर, लागतंच, नाहीतर भारी फोनवर गाडी उंच उडेल आणि साध्या फोनवर कमी.

मी तिथेच कागदावर हिशोब मांडला. गाडी ताशी ९० किलोमीटरनं चालली आहे, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. भौतिकीच्या एका पावलात ती ५० सेंटिमीटर पुढे जाते. स्क्रीनवर मात्र दर चित्राला तिनं साधारण ४१.७ सेंटिमीटरच सरकायला हवं. सहा चित्रांच्या वेळात भौतिकीची पावलं पाच. मग काय होतं? ५०, ५०, ५०, ५०, ५० आणि शून्य. सहाव्या चित्रात गाडी जागची हलतच नाही. एकूण अंतर बरोबर अडीच मीटर भरतं, वेग बरोबर, काउंटरही बरोबर. पण सेकंदाला दहा वेळा गाडी थांबते आणि पुन्हा उडी घेते. शिवाय मागोमाग जाणारा कॅमेरा दर चित्राला सरकत होता. त्यामुळे गाडी थांबली त्या चित्रात ती रस्त्यावर मागे ओढल्यासारखी दिसायची. टेस्टरला दिसत होती ती हीच थरथर.

काउंटर किती चित्रं रंगवली ते मोजतो. आधीच्याच जागी गाडी दाखवणारं चित्रसुद्धा त्याच्या लेखी नवं चित्र. म्हणून तो आकडा शेवटपर्यंत ६०च राहिला.

कागदावरचा हिशोब टीमला दाखवून भागणार नव्हतं, डोळ्यांना दिसायला हवं होतं. मी गेमचा कॅमेरा एका जागी खिळवला आणि सरळ पट्ट्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर पांढऱ्या रेघा मारल्या. टेस्टरनं दुसऱ्या फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यानं, सेकंदाला २४० चित्रांनी, स्क्रीनचं शूटिंग केलं. या वेगानं घेतलं की गेमचं प्रत्येक चित्र व्हिडिओत चार फ्रेम टिकतं. मग आम्ही तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. पुढचं चाक एका रेघेवर चार फ्रेम, पुढच्या रेघेवर चार, त्याच्या पुढच्या रेघेवर चार... आणि मग एका रेघेवर सलग आठ. पुन्हा तेच, पुन्हा तसंच. मीटिंग रूममध्ये एकदम गडबड उडाली. जो तो “मागे घे, मागे घे” म्हणत होता. मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त आनंद झाला तो याचा, की एका नव्या मुलीनं नुसत्या डोळ्यांनी जे पकडलं होतं ते आता भिंतीवर मोठं होऊन दिसत होतं.

लीडला हे का दिसलं नव्हतं, तेही उलगडलं. त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. तिथे गाडीची प्रत्येक स्थिती बहुतेक वेळा तीन चित्रं टिकायची, अधूनमधून दोन. सेकंदाला ५० वेळा होणारी एवढी बारीक हालचाल डोळ्याला थोडी धूसर वाटते, बोचत नाही. सेकंदाला दहा वेळा होणारी बोचते. म्हणजे महागड्या मॉनिटरनंच बग झाकून ठेवला होता. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की मोबाइलचा गेम मोबाइलवरच पाहावा, रोज पाहावा.

दुरुस्तीचे तीन मार्ग होते. भौतिकीचं पाऊल १/६० सेकंद करायचं, पण मग ९० हर्ट्झच्या फोनवर तेच दुखणं नव्या लयीत येणार आणि सस्पेन्शन सगळं नव्यानं जुळवावं लागणार. गाडी दर चित्राला हलवायची, म्हणजे टकरी फोनगणिक वेगळ्या होणार. आम्ही तिसरा मार्ग घेतला, इंटरपोलेशन. भौतिकी ५०च्या गतीनंच चालू द्यायची आणि स्क्रीनवर मात्र तिच्या शेवटच्या दोन स्थितींच्या मधली, त्या क्षणाला शोभेल अशी जागा दाखवायची. याची किंमत असते: गाडी कमाल एक पाऊल, म्हणजे २० मिलिसेकंद, उशिरा दिसते. डिझायनर ब्रेकच्या बाबतीत फार हळवा आहे, त्यानं तासभर खेळून पाहिलं आणि होकार दिला.

पर्याय चालू केला तर गाडी शांत झाली आणि रस्त्याकडेची झाडं थरथरायला लागली! कॅमेऱ्याचा कोड भौतिकीतली कच्ची जागा वाचत होता. त्याला स्क्रीनवर दिसणारी जागा वाचायला लावल्यावर सगळा देखावा तेलावरून घसरल्यासारखा वाहू लागला.

मग स्वस्त फोनचा विषय निघाला. त्यांच्यावर गेम ४०च्या आसपास घुटमळायचा. मी म्हटलं, तिथे ३०वर बांधून टाकू. निर्माते चमकले. “अरे, ४० मिळतायत ना? मग कमी कशाला करायचे?” त्यांना पुन्हा कागद दाखवला. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ४० चित्रं समान अंतरानं बसतच नाहीत. एक १६.७ मिलिसेकंद टिकतं, पुढचं ३३.३, पुन्हा १६.७. तीस असली की प्रत्येक चित्र ३३.३ टिकतं. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर हेच ४० छान चालतात, कारण प्रत्येक चित्राला बरोबर २५ मिलिसेकंद मिळतात.

“सिनेमा तर २४वर चालतो,” ते म्हणाले. चालतो, पण सिनेमाच्या कॅमेऱ्याचं शटर एका चित्रासाठी साधारण १/४८ सेकंद उघडं असतं. तेवढ्या वेळातली हालचाल चित्रात पुसट होऊन उतरते आणि डोळा ती जोडून घेतो. गेमचं चित्र म्हणजे एका क्षणाचा लख्ख फोटो. आणि सिनेमा पाहणाऱ्याच्या हातात ब्रेक नसतो. अंगठा दाबल्यावर गाडी कधी हळू झाली, हे खेळणाऱ्याला फार नेमकं कळतं.

शेवटी ३० आणि ४० अशा दोन्ही बिल्ड (गेमच्या आवृत्त्या) एकाच स्वस्त फोनवर टाकून, कुठली कुठली ते न सांगता, त्यांच्या हातात दिल्या. दोन्ही खेळून त्यांनी ३०ची उचलली आणि म्हणाले, “हिच्यात फ्रेम जास्त आहेत.” मी सेटिंगचा स्क्रीन उघडून दाखवला. ते थोडा वेळ आकड्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी स्वस्त फोनच्या यादीसमोर स्वतःच ३० लिहिलं आणि १२० हर्ट्झच्या मधल्या किमतीच्या फोनसाठी ४०चा वेगळा पर्याय काढायला सांगितलं.