तळमजल्यावरचे भाडेकरू

रिटायर झाल्यावर बाबांनी दोन गोष्टी सुरू केल्या. सकाळी तलावपाळीला तीन फेऱ्या आणि रात्री ग्लासभर हळदीचं दूध. दुसरी पहिलीतूनच आली. फेऱ्या झाल्या की चार समवयस्क कठड्यावर टेकतात आणि तिथे रोज एकेक औषध निघतं. दुधाने झोप छान लागते, असं त्यातल्या एकाचं म्हणणं. बाबांना झोप लागेना. पोटात गुडगुड, रात्री दोनला बाथरूमचा दिवा. डॉक्टर म्हणाले, दूध बंद, दही-ताक चालेल. बाबांना हा अपमान वाटला. "लहानपणी धारोष्ण प्यायचो मी. चहा तर आजही चारदा होतो. आत्ताच काय झालं?"

आत्ता काहीच झालं नव्हतं. झालं ते बहुधा बाबा हाफ चड्डीत होते तेव्हाच. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ते फोडायला लॅक्टेज नावाचं एंझाइम लागतं (शाळेत आम्ही विकर म्हणायचो, त्या शब्दाने मार्कांपलीकडे काही दिलं नाही). लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दुसऱ्या गुणसूत्रावरचं एक जनुक वाचून ते बनवतात. तान्हेपणी हे वाचन जोरात चालतं. अंगावरचं दूध सुटलं की पुढच्या काही वर्षांत बहुसंख्य माणसांत ते मंदावतं. जनुक जागच्या जागी असतं, फक्त कुणी फारसं उघडत नाही. ज्यांचं वाचन मोठेपणीही चालू राहतं, त्यांच्यातल्या अनेकांचं डीएनएतलं एकच अक्षर बदललेलं असतं. तेही त्या जनुकात नाही, सुमारे १४,००० अक्षरं दूर, शेजारच्या जनुकात. भारतात असे लोक वायव्येकडे जास्त. बाबांचं गाव कोकणात, देवरुखजवळ.

चहातलं चार चमचे दूध उरल्यासुरल्या लॅक्टेजवर निभतं. ग्लासात मात्र लॅक्टोज बारा-एक ग्रॅम असतं. न फुटलेलं सगळं खाली मोठ्या आतड्यात उतरतं, आणि तिथे भाडेकरू बसलेलेच असतात, म्हणजे जिवाणू.

त्यांतला ई. कोलाय संख्येने किरकोळ, पण प्रसिद्धी सगळ्यात जास्त त्याची. लॅक्टोज फोडणारं एंझाइम त्यालाही बनवता येतं, पण तो आधीपासून बनवून ठेवत नाही. एक प्रथिन जनुकाच्या दारात ठिय्या देऊन असतं. लॅक्टोज आलं की त्यातलं थोडं रूप बदलून या दारवानालाच जाऊन चिकटतं, तो उठतो, आणि एंझाइम हजारपट वाढतं. त्यातही ग्लुकोज हाताशी असेल तर आधी ते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये जाक मोनो या शास्त्रज्ञांना दिसलं की दोन्ही साखरा एकत्र दिल्या तर जिवाणू वाढतात, मध्येच थांबतात, मग पुन्हा वाढू लागतात. हे थांबणं मला फार ओळखीचं वाटतं. फ्रिजमध्ये कालची आमटी आहे तोवर आमच्याकडे कुकर लागत नाही, आणि ती संपल्यावर "आता काय करायचं?" यात अर्धा तास जातो. दारवानाचा उलगडा मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी १९६१ साली मांडला. १९६५ साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं.

जनुकाचा हा कारभार सोसायटीच्या पंपासारखा सावकाश. टाकी भरल्यावर वॉचमनने बंद करायचा. पण नळ चालू राहिला तर कुणी वॉचमनची वाट बघत नाही, स्वतः फिरवतो. जिवाणूच्या पेशीतही तसंच. आयसोल्युसिन (प्रथिनं ज्यांची बनतात त्यांतला एक घटक) पुरेसं झालं की ते स्वतःच जाऊन आपल्या साखळीतल्या पहिल्या एंझाइमला थोपवतं. एंझाइम असतं तिथेच, काम तेवढं बंद.

बाबांनी यातले भाडेकरूच तेवढे लक्षात ठेवले.

"म्हणजे मी काम सोडलं आणि ते तळमजल्यावाल्यांनी धरलं?"

"हो."

"आणि गॅस?"

"त्यांच्या स्वयंपाकाचा धूर."

"भाडं तरी देतात का?"

थोडंसं देतात. त्यांनी केलेल्या आम्लांवर आतड्याच्या पेशींचं पोट चालतं. हे ऐकून बाबा जरा निवळले.

विरजण आता बाबाच लावतात. हे जिवाणू निराळे, पण दुधातलं काही लॅक्टोज पातेल्यातच संपवून टाकतात. "जेवायचंय तर बाहेर जेवून या म्हणावं," असं पुटपुटत ते झाकण ठेवतात. ठाण्याच्या मे महिन्यात पाच तासांत दही लागतं, सहाव्या तासाला आंबट होतं. तलावपाळीच्या कठड्यावर सध्या ताकाचा प्रचार जोरात आहे.